ट्रॅक डे : आपलीच हॅचबॅक रेसच्या ट्रॅकवर नेताना आधी ब्रेक बघा

वडोदरा, मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगाव, बंगळूर करत चेन्नईला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ सीमाभागाला नवा नाही. चेन्नईच्या थोडं अलीकडे, इरुंगाट्टुकोट्टई इथे याच महामार्गालगत मद्रास इंटरनॅशनल सर्किट आहे. सुमारे ३.७ किमी लांबीचा, १२ वळणांचा हा ट्रॅक १९९० पासून सुरू आहे. कोइमतूरजवळचा करी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडातलं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट हेही असेच ट्रॅक. शर्यती नसतात तेव्हा अशा ठिकाणी हौशी चालकांसाठी ‘ट्रॅक डे’ भरतात.

ट्रॅक डे म्हणजे काय?

ही शर्यत नव्हे. इथे पहिला-दुसरा नंबर नसतो. फी भरून आपली गाडी ट्रॅकवर चालवायची, एवढंच. नवखे आणि सरावलेले यांचे गट सहसा वेगळे असतात आणि प्रत्येक गटाला साधारण १५ ते २० मिनिटं मिळतात. सकाळी सगळ्यांना नियम समजावले जातात. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सेशन थांबलं, सावकाश पिटमध्ये परत या. नवख्यांच्या गटात बहुधा सरळ पट्ट्यावरच आणि पुढच्याने हात दाखवल्यावरच ओव्हरटेक करता येतं. हेल्मेट सक्तीचं.

हॉट हॅचबॅक कोणती?

घरची हॅचबॅकच, पण इंजिन दमदार आणि सस्पेन्शन कडक. १९७६ ची फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय या प्रकारातली सर्वांत गाजलेली गाडी. तिची ताकद ११० पीएस होती. भारतात अबार्थ पुंटो (१४५ पीएस), पोलो जीटीआय (१९२ पीएस), ह्युंदाई आय२० एन लाइन आणि टाटा अल्ट्रोझ रेसर (दोन्ही १२० पीएस) अशा गाड्या येऊन गेल्या.

आधी दमतात ते ब्रेक

नवख्याचं लक्ष इंजिनाकडे असतं, पण बहुतेक वेळा आधी हार मानतात ते ब्रेक. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते आणि ब्रेक मारला की ती सगळी उष्णता होऊन डिस्क आणि पॅडमध्ये उतरते. रस्त्यावर दोन ब्रेकमध्ये डिस्कला थंड व्हायला वेळ मिळतो, ट्रॅकवर पुढचं वळण लगेच येतं.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ४ ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, पेडल मऊ पडतं आणि पाय खाली गेला तरी गाडी थांबत नाही. म्हणून जाण्याआधी ऑइल बदलून घ्यावं, पॅडची जाडी बघावी, चाकाचे नट आवळून घ्यावेत. गाडीतल्या बाटल्या, जॅक, सुटं मॅट असं सगळं काढून ठेवावं. टायर तापले की आतली हवा वाढते, त्यामुळे प्रत्येक सेशननंतर ती तपासावी. शेवटचा लॅप ब्रेक न वापरता हळू मारावा. तापलेल्या गाडीला हँडब्रेक लावू नये, गिअरमध्ये उभी करावी.

वळणावर काय होतं?

या बहुतेक गाड्या पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या. वळणात जास्त वेगाने शिरलं तर पुढचे टायर घसरतात आणि गाडी बाहेरच्या बाजूला जाते. अशा वेळी स्टेअरिंग आणखी फिरवून उपयोग नसतो, ॲक्सिलरेटर हळूहळू कमी करावा लागतो. पाय एकदम काढला तर मागची बाजू हलकी होऊन गाडी गरकन फिरू शकते. म्हणून ब्रेकचं मुख्य काम सरळ पट्ट्यावरच उरकावं, मग वळावं आणि गाडी सरळ होत आली की गॅस द्यावा.

इन्शुरन्स आणि कायदा

खाजगी कारच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाच्या चाचणीसाठी केलेला वापर वगळलेला असतो. ‘ही शर्यत नव्हतीच’ असं म्हणून क्लेम मिळेल या भरवशावर राहू नये. नुकसान बहुधा खिशातूनच भरावं लागतं. कर्जावरची गाडी असेल तर मोडल्यावरही हप्ते चालूच राहतात. पॉलिसी आणि वॉरंटीचे कागद आधी वाचावेत.

हाच वेग सार्वजनिक रस्त्यावर आजमावणं मात्र गुन्हा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावल्यास पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ट्रॅकवर समोरून ट्रक येत नाही, मधे कुणी रस्ता ओलांडत नाही, वळणावर मार्शल उभे असतात. महामार्गावर यातलं काहीच नसतं.

परतीचा प्रवास

इरुंगाट्टुकोट्टईहून बेळगाव सुमारे आठशे किलोमीटर. दिवसभर झिजलेले पॅड आणि टायर घेऊन तसंच निघू नये. पॅड, नट, हवा पुन्हा बघावी. ट्रॅकवरून आल्यावर शंभरचा वेगही कमी वाटतो, म्हणून स्पीडोमीटरवर लक्ष ठेवावं आणि जमलं तर एक रात्र मुक्काम करून सकाळी निघावं.