'अनफिट'

ओमानला कामासाठी निघालेल्या रत्नागिरीच्या माणसाला मस्कतच्या आधी दिसतं ते मुंबईतलं मेडिकल सेंटर. 'गल्फचं मेडिकल' म्हणजे रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे. या यंत्रणेला पूर्वी 'गामका' म्हणायचे, आता 'वाफिद'. एचआयव्ही निघाला की कागदावर एकच शब्द: अनफिट.

भारतात एचआयव्हीचं निदान पहिल्यांदा झालं 1986मध्ये, चेन्नईत. औषध हाताशी नव्हतं, तेव्हा बऱ्याच देशांनी सीमेवरच चाळणी लावली. अमेरिकेनेही आपली बंदी उठवली ती थेट 2010मध्ये. आखातात ती अजून आहे.

पण ही चाळणी प्रतिबंध नव्हे. लागण झाल्यावर पहिले काही आठवडे तपासणीत काही दिसत नाही, आणि पुढे परदेशात एकट्याने काढलेल्या वर्षांबद्दल तर ती काहीच सांगत नाही. ओमानमध्ये पॉझिटिव्ह निघालं तर नोकरी जाते, परत यावं लागतं. मग आपणहून तपासायला कोण जाईल? सुट्टीत घरी आल्यावर बायकोला काय सांगेल?

गंमत म्हणजे (गंमत कसली!) आईकडून बाळाला होणारी एचआयव्हीची लागण थांबवल्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने 2022मध्ये ओमानलाच प्रमाणपत्र दिलं. तिथे सूत्र साधं होतं: लवकर शोधा, लगेच औषध द्या. कामगाराला मात्र शोधायचं ते परत पाठवायला.

भारताचा 2017चा कायदा नोकरीसाठी एचआयव्ही तपासणीची सक्ती करू देत नाही. मस्कतचा मालक त्याच्या कक्षेत येत नाही. रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात मात्र हीच तपासणी फुकट होते, आधी-नंतर समुपदेशन मिळतं, आणि निकाल गुप्त राहतो.