ट्रान्स-सायबेरियन रेल्वे

मॉस्कोपासून प्रशांत महासागराच्या काठावरील व्लादिवोस्तोक बंदरापर्यंत जाणारा ट्रान्स-सायबेरियन लोहमार्ग ९,२८८ किलोमीटर लांब आहे. भारतात सर्वांत लांब पल्ल्याची गाडी दिब्रुगड ते कन्याकुमारी धावते. तिच्या पल्ल्याच्या दुपटीहूनही हे अंतर जास्त भरते. उरल पर्वत, ओब, येनिसेई व अमूर या महानद्या आणि बैकल सरोवराचा दक्षिण काठ या वाटेवर लागतात. व्लादिवोस्तोकचे घड्याळ मॉस्कोच्या सात तास पुढे असते, तरी दोन्ही शहरे एकाच देशात आहेत. ती एकत्र राहण्यात या लोहमार्गाचा मोठा वाटा आहे.

रशियाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस उरल ओलांडून सायबेरियात पाय रोवले आणि फरच्या व्यापाऱ्यांमागोमाग सैनिक व अधिकारी पूर्वेकडे सरकत गेले. पण हा प्रदेश सांभाळणे अवघड होते. सायबेरियातील मोठ्या नद्या बहुतेक दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतात, त्यामुळे पूर्व-पश्चिम दळणवळणाला त्यांचा उपयोग थोडा. हिवाळ्यात त्या गोठतात, तर बर्फ वितळू लागला की घोडागाड्यांचा कच्चा रस्ता चिखलात रुततो. १८९० मध्ये लेखक अंतोन चेखव सखालीन बेटावरील कैद्यांची स्थिती पाहण्यासाठी निघाले, तेव्हा घोडागाडी व बोटीने तेथे पोहोचण्यास त्यांना जवळजवळ तीन महिने लागले. १८६० मध्ये पेकिंगच्या तहाने अमूरपलीकडचा किनारी प्रदेश चीनकडून रशियाला मिळाला आणि त्याच वर्षी व्लादिवोस्तोक वसले. तेथे वसाहतीसाठी निघालेल्या शेतकऱ्यांना पुढे ओदेसाहून जहाजाने, सुएझ कालवा आणि हिंदी महासागराच्या मार्गाने धाडले जाऊ लागले. स्वतःच्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला जाण्यासाठी अर्ध्या जगाला वळसा पडत होता.

झार तिसरा अलेक्झांडर याने १८९१ मध्ये लोहमार्ग बांधण्याचा हुकूम काढला. युवराज निकोलस तेव्हा पूर्वेच्या सफरीवर होता. डिसेंबर १८९० मध्ये तो मुंबई बंदरात उतरला होता. भारत, चीन, जपान असा प्रवास करून तो व्लादिवोस्तोकला पोहोचला आणि मे १८९१ मध्ये त्याच्या हस्ते कामाचा प्रारंभ झाला. या योजनेला खरी गती दिली सर्गेई विट्टे यांनी. १८९२ मध्ये अर्थमंत्री झालेल्या विट्टे यांना हा मार्ग रशियाच्या उद्योगाचा आणि आशियातील व्यापाराचा पाया ठरेल असे वाटत होते.

मार्गाचे टप्पे पाडून पश्चिमेकडून चेल्याबिन्स्क आणि पूर्वेकडून व्लादिवोस्तोक अशा दोन्ही टोकांनी काम सुरू झाले. शेतकरी, सैनिक, कैदी, पूर्वेकडे चिनी व कोरियन मजूर आणि दगडी कामासाठी इटलीतून आलेले गवंडी यांनी ते केले. कायम गोठलेल्या जमिनीत खोदाई करण्यापूर्वी ठिकठिकाणी शेकोट्या पेटवून माती मऊ करावी लागे. खर्च आणि वेळ वाचवण्यासाठी मार्ग एकेरी ठेवला गेला. रूळ हलके, खडीचा थर पातळ आणि लहान पूल बहुधा लाकडी होते. मोठ्या नद्यांवर मात्र पोलादी पूल उभारले गेले. क्रास्नोयार्स्कजवळचा येनिसेईवरील पूल १८९९ मध्ये पूर्ण झाला.

सर्वांत अवघड अडथळा बैकलचा होता. काठाचे कडे सरळ पाण्यात उतरत असल्याने तेथील काम लांबले. तोवर इंग्लंडमध्ये बांधलेली बर्फफोडी जहाजे सुटे भाग करून आणली व सरोवराकाठी जोडली. त्यांतील ‘बैकल’ हे जहाज आख्खे डबे पोटात घेऊन सरोवर पार करी. पुढे अमूरच्या खडतर खोऱ्याचा वळसा टाळण्यासाठी रशियाने चीनकडून परवानगी मिळवून मांचुरियातून थेट मार्ग काढला. अंतर बरेच वाचले, पण आपल्या देशाचा एकमेव मार्ग परक्या भूमीवरून नेण्याचा धोका पत्करावा लागला.

घाईची किंमत लवकरच मोजावी लागली. मांचुरिया व कोरियावरील वर्चस्वावरून फेब्रुवारी १९०४ मध्ये जपानशी युद्ध पेटले, तेव्हा बैकलभोवतीचा मार्ग अपुरा होता. बर्फ इतके जाड झाले की जहाजे चालेनात. सरोवरावरच रूळ टाकून घोड्यांकरवी डबे ओढावे लागले. त्याच वर्षी अनेक बोगद्यांचा काठचा मार्ग खुला झाला, तरी एकेरी रुळांवरून लाखोंची फौज व तिची रसद वेळेवर पोहोचणे कठीणच होते. १९०५ च्या पराभवानंतर दक्षिण मांचुरियातील लोहमार्ग जपानकडे गेला. या धड्यानंतर रशियाने अमूरच्या उत्तरेने, संपूर्ण स्वतःच्या भूमीतून मार्ग बांधायला घेतला. १९१६ मध्ये खाबारोव्स्क येथील अमूरवरील पूल पूर्ण झाला आणि आजचा मार्ग सलग झाला.

युद्धात अपुरा पडलेला हाच मार्ग वसाहतीच्या कामी विलक्षण यशस्वी ठरला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकात लाखो शेतकरी कुटुंबे जमिनीच्या शोधात सायबेरियात आली. पश्चिम सायबेरियाचे लोणी गाड्यांतून बाल्टिक बंदरांकडे आणि तेथून ब्रिटनपर्यंत जाऊ लागले. शहरांचे भवितव्यही रुळांनी ठरवले. मुख्य मार्ग दक्षिणेने गेल्यामुळे जुन्या तोम्स्कला केवळ फाटा मिळाला, तर ओबवरील पुलाजवळ १८९३ मध्ये वसलेली वस्ती नोवोसिबिर्स्क नावाने सायबेरियाचे सर्वांत मोठे शहर झाली. मात्र बुर्यातांसारख्या मूळच्या पशुपालक समाजांना या लोंढ्यापुढे कुरणे गमवावी लागली.

ज्याच्या ताब्यात रेल्वे त्याच्या ताब्यात सायबेरिया, हे रशियन क्रांतीनंतरच्या यादवी युद्धात दिसून आले. १९१८ मध्ये व्लादिवोस्तोकमार्गे फ्रान्समधील आघाडीवर जाण्यासाठी निघालेल्या चेकोस्लोव्हाक सैनिकांनी मार्गावरील स्थानके जिंकली आणि सत्तेवर आलेल्या बोल्शेविकांची या प्रदेशावरील पकड सुटली. दुसऱ्या महायुद्धात १९४१ साली पश्चिमेकडील कारखाने यंत्रांसह उरल व सायबेरियात हलवण्यात आले, तर सायबेरियातील सैन्य मॉस्कोच्या बचावासाठी पश्चिमेकडे नेण्यात आले. व्लादिवोस्तोकला उतरणारी अमेरिकेची मदतही याच रुळांवरून आघाडीकडे गेली.

दुसरा रूळमार्ग १९३० च्या दशकाच्या अखेरीस बहुतांशी पूर्ण झाला. १९२९ मध्ये सुरू झालेले विद्युतीकरण २००२ मध्ये पूर्ण झाले. चिनी सरहद्दीपासून दूर असा पर्याय असावा म्हणून बैकलच्या उत्तरेने बैकल-अमूर मार्गही बांधण्यात आला. आज मॉस्को ते व्लादिवोस्तोक प्रवासाला सुमारे सात दिवस लागतात. प्रवाशांपेक्षा मालवाहतुकीसाठी हा मार्ग अधिक मोलाचा आहे: कोळसा, लाकूड, तेल-उत्पादने आणि कंटेनर यांची पूर्वेकडील बंदरांशी होणारी ने-आण त्यावर अवलंबून आहे. सरहद्द राखण्यासाठी घाईने टाकलेल्या एकेरी रुळांनी सायबेरियात शेती, उद्योग आणि शहरे आणली, आणि रशियाच्या लोकवस्तीचा नकाशा कायमचा बदलला.