ओळीपुरते जग

युनिक्स या कार्यप्रणालीचा जन्म १९६९ साली न्यू जर्सीतील बेल लॅब्जमध्ये झाला, पण त्याला पहिले खरे गिऱ्हाईक मिळाले ते तिथल्याच पेटंट विभागात. १९७१ पासून पेटंटचे अर्ज त्यावर टंकले जाऊ लागले. १९७३ मध्ये डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहाने ‘पाइप’ आले आणि एका आज्ञेचा निकाल थेट दुसरीच्या हाती पडू लागला. त्याच सुमारास मजकूर शोधणारे ग्रेप व तो बदलणारे सेड आले, १९७७ मध्ये रकान्यांवर काम करणारे ऑक.

या साधनांनी मजकूर म्हणजे सुट्या ओळी, ओळ म्हणजे रकाने आणि अक्षर म्हणजे एक बाइट, असे धरून ठेवले होते. पीडीपी-११ वर एका प्रोग्रामला जेमतेम ६४ किलोबाइट जागा दिसे; एका वेळी एकच ओळ हाताळणे तिथे शहाणपणाचेच होते. अडचण झाली ती नोंदी ओळीत मावेनाशा झाल्यावर. १९८७ मध्ये बेल लॅब्जमधल्याच रॉब पाइक यांनी नेमके यावर बोट ठेवले. त्याच वर्षी लॅरी वॉल यांची पर्ल ही भाषा आली, आणि ऑकला न झेपणारी कामे तिच्याकडे गेली.

स्वल्पविरामांनी रकाने पाडणाऱ्या सीएसव्ही फाइलीतली ही नोंद पाहा: १,"सदाशिव पेठ, पुणे",४११०३०. तिसरा रकाना मागितला की रकाने कापून देणारी ‘कट’ ही आज्ञा पिनकोडऐवजी ‘पुणे"’ देते. अवतरणचिन्हातला स्वल्पविराम तिला कळतच नाही.

देवनागरीत तर बाइटचा हिशेबच कोलमडतो. ‘मराठी’त अक्षरे तीन, युनिकोडची चिन्हे पाच आणि यूटीएफ-८ मध्ये बाइट पंधरा. १९९२ मध्ये यूटीएफ-८ घडवणाऱ्या दोघांत युनिक्सचे जनक केन थॉम्पसन आणि हेच पाइक होते, हा योग मजेशीर खरा. मात्र त्यानेही सारे प्रश्न सुटले नाहीत. ओळ उलटी करणारी ‘रेव्ह’ ही आज्ञा चिन्हे एकेक करून उलटवते; त्यामुळे ‘मराठी’तल्या ‘र’चा काना ‘ठ’ला जाऊन चिकटतो आणि ‘ठ’ची वेलांटी आधाराविना सुरुवातीला लोंबकळते.

ओळींच्या या मजकुराला पर्याय दोन वाटांनी आले. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरशेलने २००६ मध्ये पाइपमधून मजकुराऐवजी रचनाबद्ध वस्तू पाठवल्या; पण बाहेरच्या प्रोग्रामशी गाठ पडली की पुन्हा मजकूरच. २०१२ च्या जेक्यू या साधनाने फक्त जेसॉन हे एकच स्वरूप नीट समजून घेतले, आणि व्यवहारात हीच वाट अधिक उपयोगी पडली. सर्व्हरच्या साध्या नोंदवह्या चाळायला मात्र ग्रेप आजही पुरेसे आहे. ऑकच्या तीन कर्त्यांपैकी ब्रायन कर्निगन यांनी तर वयाची ऐंशी गाठल्यावर त्यात युनिकोड आणि सीएसव्हीची सोय केली; २०२३ मध्ये ऑकवरच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली ती या सुधारणांसह.