श्रोणितळाचे स्नायू आणि एक मागे पडलेले उपकरण

खोकला आला, शिंक आली किंवा पाण्याचा भरलेला हंडा उचलला की थोडी लघवी होते, अशी तक्रार बाळंतपण झालेल्या अनेक स्त्रियांना असते. बहुतेक जणी ती कोणाजवळ बोलत नाहीत. वयाचा दोष समजून पाणी कमी पितात, लांबचा प्रवास टाळतात. या त्रासावर शस्त्रक्रियेखेरीजही उपाय आहे, आणि तो स्नायूंच्या व्यायामाचा आहे. हे ज्ञान कसे मिळाले, मध्येच त्याचा अर्धा भाग कसा निसटला आणि पुन्हा कसा हाती आला, हे आपण येथे पाहू.

आधी थोडी शरीररचना. कमरेच्या हाडांचे कडे, म्हणजे श्रोणी, खालून उघडे असते. पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी या उघड्या जागेत ताणलेली असते. हाच श्रोणितळ. मूत्राशय, गर्भाशय आणि मलाशय यांना खालून आधार मिळतो तो याच झोळीचा. खोकताना पोटातला दाब एकदम वाढतो. त्याच क्षणी हे स्नायू आकुंचन पावतात आणि मूत्रमार्ग दाबून बंद ठेवतात. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन डीलॅन्सी यांनी १९९४ साली याचे स्पष्टीकरण मांडले. ते समजायला रबरी नळीचे उदाहरण पुरे आहे. नळी फरशीवर ठेवून तिच्यावर पाय दिला तर पाणी थांबते; तीच नळी मऊ चिखलात असेल तर ती खाली दबते आणि पाणी वाहतच राहते. बाळंतपणात हे स्नायू व त्यांच्या नसा ताणल्या जातात, कधी फाटतातही. म्हणजे फरशीचा चिखल होतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉक्टरांचे लक्ष मुख्यतः शस्त्रक्रियेकडे होते. हॉवर्ड केली यांनी १९१४ साली मूत्रमार्गाला टाके घालून आधार देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. व्यायामाचा विचार मात्र वेगळ्याच दिशेने आला. मार्गारेट मॉरिस या ब्रिटिश नर्तकीने पुढे फिजिओथेरपीचे शिक्षण घेतले आणि १९३६ साली बाळंतपणानंतरच्या व्यायामांवर पुस्तक लिहिले. श्रोणितळाचे स्नायू आवळणे आणि सैल सोडणे हे त्या व्यायामांत होते.

या विचाराला मोजमापाची जोड दिली ती लॉस एंजेलिसचे स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल (१८९४–१९७२) यांनी. त्यांचा मूळ निबंध १९४८ सालचा. त्यांच्यापुढची अडचण आपण शिक्षकांना सहज समजेल. हात वर करायला सांगितले तर विद्यार्थ्याला स्वतःचा हात दिसतो; चूक झाली तर ती सुधारता येते. श्रोणितळाचा स्नायू मात्र दिसत नाही. कित्येक जणी त्याऐवजी पोट, मांड्या किंवा नितंब आवळतात आणि व्यायाम झाला असे समजतात. केगेल यांनी हवेची एक छोटी रबरी नळकांडी योनिमार्गात ठेवून ती दाबमापकाला जोडली. स्नायू बरोबर आवळला की काटा सरकतो. आजचा काटा कालच्यापेक्षा पुढे गेला, हे बाईला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. दिवसातून तीनदा वीस-वीस मिनिटे असा सराव ते सांगत. याच सुमारास थॉमस डीलॉर्म हे अमेरिकन डॉक्टर जखमी सैनिकांचे स्नायू क्रमाक्रमाने वाढत्या वजनांनी बळकट करत होते. स्नायूला वाढता विरोध द्या म्हणजे तो वाढतो, हे तत्त्व दोन्हीकडे एकच होते.

पुढे व्यायामाला केगेल यांचे नाव चिकटले, पण उपकरण मागे पडले. तोंडी सूचना किंवा छापील पत्रक यांवर काम भागू लागले. १९९१ साली रिचर्ड बम्प व सहकाऱ्यांनी ४७ स्त्रियांना थोडक्यात तोंडी सूचना देऊन प्रत्यक्ष मोजमाप केले. जेमतेम निम्म्या जणींनी स्नायू योग्य प्रकारे आवळला. सुमारे एकचतुर्थांश स्त्रिया तर उलट खाली जोर देत होत्या. त्याने त्रास वाढण्याचाच संभव. 'व्यायाम केला, उपयोग झाला नाही' या अनुभवामागचे एक कारण येथे दिसते. तपासून शिकवणे हाच उपचाराचा गाभा होता आणि नेमका तोच वगळला गेला होता.

नॉर्वेच्या कारी ब्यो यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत १०७ स्त्रियांचे चार गट होते: व्यायाम, विद्युत-उत्तेजन, योनिमार्गात धरायची वजने आणि उपचार नाही. व्यायाम-गटात योग्य आकुंचन आधी शिकवले होते. आठ ते बारा आकुंचने दिवसातून तीनदा, शिवाय आठवड्याला एक सामूहिक वर्ग. सहा महिन्यांनी हाच गट सरस ठरला. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात, खोकल्या-शिंकेबरोबर लघवी होणाऱ्या स्त्रियांपैकी व्यायाम करणाऱ्या ५६ टक्के जणींनी त्रास गेल्याचे सांगितले. न करणाऱ्यांत हे प्रमाण ६ टक्के होते. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर पुरुषांनाही हे व्यायाम शिकवले जातात.

हठयोगातील मूलबंध आपल्याला येथे आठवेल. पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिकेत त्याचे वर्णन आहे. आकुंचनाची क्रिया मिळतीजुळती आहे, पण तिचा हेतू अपान वायू वर खेचण्याचा होता, लघवीच्या त्रासावर उपचाराचा नव्हता. 'आमच्याकडे हे होतेच' असे म्हणून थांबण्यापेक्षा मोजून पाहणे अधिक उपयोगाचे. लोणावळ्याच्या स्वामी कुवलयानंदांनी १९२० च्या दशकात उड्डियान आणि नौली या क्रियांमधले दाब मोजले, ते याच वृत्तीने.

एक सावधगिरी. काहींचे हे स्नायू सैल नसून सतत आवळलेले असतात आणि दुखतात. त्यांना आधी सैल सोडायला शिकावे लागते. म्हणून पत्रक वाचून सुरुवात करण्यापेक्षा जाणकार फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घेणे बरे. आणि निदान आपण तरी वर्गात स्नायूसंस्था शिकवताना ही झोळी वगळू नये. ज्या स्नायूचे नाव कधी ऐकलेलेच नसते, त्याची तक्रार सांगायला शब्दही सापडत नाहीत.