गिनीपिग आपल्याकडे आला तो खेळायला नाही



मागच्या मे महिन्यात आमच्या गटातल्या एका ताईंच्या घरी दोन गिनीपिग होते. पाच वर्षांच्या नातवासाठी शहरातल्या दुकानातून आणलेले. वर टिनाचं छप्पर, आणि आपल्या घाटंजीचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला सांगायला नको. एका दुपारी दोन्ही जनावरं निपचित पडली ती उठलीच नाहीत. पोरगं आजीला विचारत होतं, "मी जोरात धरलं म्हणून मेले का?" तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून या जनावराबद्दल वाचायला घेतलं, तर थेट मुंबईच्या प्लेगपर्यंत जाऊन पोचले.

गिनीपिग ना गिनी देशाचा, ना डुक्कर. तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरातला. तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी तो माणसाळवला, आपण कोंबड्या पाळतो तसा, खाण्यासाठी. पेरू देशात आजही बायका त्याला स्वयंपाकघरात पाळतात. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांमुळे तो युरोपात गेला आणि मोठ्या घरच्या मुलांचा सवंगडी झाला. पुढे डॉक्टरांनी त्याला प्रयोगशाळेत नेलं. लहानसा, गरीब, सहसा न चावणारा. ज्या गुणांमुळे लेकरांना आवडला, त्याच गुणांमुळे तो प्रयोगाला सोयीचा ठरला.

आता मुंबईकडे येऊ. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या वर्षी पुण्यात साथ भडकली. सैनिक घरात शिरायचे, बायाबापड्यांची तपासणी व्हायची, सामान जाळलं जायचं, माणसं छावणीत नेली जायची. सावित्रीबाई फुले याच साथीत रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी गेल्या. पण रोग एकाकडून दुसऱ्याकडे नेमका जातो कसा, हे तेव्हा ठरलेलंच नव्हतं. कोणी घाणीला दोष देई, कोणी हवेला, कोणी माणसाच्या स्पर्शाला.

१८९८ साली कराचीत सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी सांगितलं की उंदरावरची पिसू हा रोग नेते. बहुतेकांनी ते मानलं नाही. मग १९०३ मध्ये मुंबईच्या प्राणिसंग्रहालयातले गिनीपिग प्लेगने मेले. डॉ. लिस्टन यांना त्यांच्या अंगावर उंदराच्या पिसवा सापडल्या. १९०५ मध्ये प्लेगच्या अभ्यासासाठी आयोग नेमला गेला आणि परळच्या प्रयोगशाळेत काम सुरू झालं. आज आपण जिला हाफकिन संस्था म्हणतो, तीच ती जागा.

तिथले प्रयोग ऐकण्यासारखे आहेत. ज्या चाळीत प्लेगने माणसं गेली होती, त्या रिकाम्या खोल्यांत गिनीपिग मोकळे सोडायचे. खोलीतल्या उपाशी पिसवा त्यांच्या अंगावर चढायच्या, आणि काही जनावरं प्लेगने मरायची. काही पिंजरे जमिनीलगत ठेवले, काही दोन फूट उंच टांगले. उंचावरची जनावरं वाचली, कारण पिसूची उडी तेवढी जात नाही. आजारी आणि निरोगी जनावरं एकाच खोलीत, एकाच घाणीत ठेवली, पण पिसवा येऊ दिल्या नाहीत. रोग पसरला नाही. इतकंच काय, प्लेग झालेल्या आईचं दूध पिणारी पिल्लंसुद्धा धडधाकट राहिली.

हे वाचून मी थांबले. दहा वर्षं आधी आपल्याकडच्या मायांना आजारी लेकरांपासून तोडून छावणीत नेत होते, आणि इथे एका मुक्या आईने दाखवून दिलं की दोष तिच्या कुशीचा नव्हताच. ती आई मात्र मेलीच.

घटसर्पाचंही तसंच. १८९० साली जर्मनीत बेरिंग यांनी त्यावरचा उतारा शोधला, त्यात गिनीपिगच कामी आले. आपल्या बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचं झाल्यावर जी पेंटाव्हॅलेंट लस टोचतात, तिच्यात घटसर्पाची लस असते.

१९०७ मध्ये नॉर्वेत आणखी एक गोष्ट कळली. नुसत्या धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगला माणसासारखाच स्कर्व्ही होतो. माणसासारखंच त्याचंही शरीर क जीवनसत्त्व बनवत नाही. म्हणून नुसता मका-गहू देऊन तो जगत नाही. रोज गवत हवं, कोथिंबीर हवी, पेरूची फोड चालते. पेरूतलं जनावर पेरू खाऊन खूश, हा आपला मराठीतला योगायोग!

पण तो थंड डोंगरातला. तीस अंशांच्या वर त्याचा जीव कासावीस होतो, आणि आपल्याकडे पारा चाळीसच्या पुढे जातो. एकटा ठेवला तर झुरतो. विकणारा दोन्ही माद्याच म्हणून देतो, आणि दोन-अडीच महिन्यांत घरात पिल्लं दिसतात. पाच वर्षांच्या मुलाने त्याला उचलू नये, खाली बसून मांडीवर घ्यावं, शेजारी मोठं माणूस असावं.

त्या नातवाला मी सांगितलं, तुझ्या हाताने नाही रे मेले, उन्हाने मेले. त्याला पटलं की नाही कोण जाणे. ताईंनी पिंजरा भंगारात द्यायचा म्हटला तर त्याने दिला नाही. सध्या त्यात कांदे ठेवलेत.