म्हाताऱ्या कॅप्टननं जागा कधी सोडावी? नागपूरच्या सी. के. नायडूंची गोष्ट

परवा जवळच्या एका तांड्यावर टेनिस बॉलचे सामने पाहायला गेलो होतो. तूर घरात आली, कापूस बहुतेक वेचून झाला, की आमच्या पोहरादेवीच्या आसपास हे सामने सुरू होतात. एका टीमचा कॅप्टन पन्नाशीला टेकलेला. एकेकाळी त्याच्या बॉलिंगला तालुका घाबरायचा, हे मी स्वतः पाहिलंय. आता रनअप अर्ध्यावर आलाय, पण पहिली ओव्हर अजूनही त्याचीच. बाउंड्रीवर बसलेली पोरं हळूच म्हणत होती, "काका बसणार कधी?" तोंडावर बोलायची हिंमत कोणाचीच नाही.

हे फक्त मैदानावरचं चित्र नाही. सोसायटी पाहा, ग्रामपंचायत पाहा, पक्षांच्या तालुका शाखा पाहा. आमची पत्रकारांची जमातही काही वेगळी नाही. म्हणून आज आपल्याच विदर्भातल्या एका मोठ्या माणसाची गोष्ट सांगतो. जरा लांबली तर सांभाळून घ्या.

कोट्टारी कनकय्या नायडू, म्हणजे सगळ्यांचे सी. के. जन्म नागपूरचा, 31 ऑक्टोबर 1895. 1916 मध्ये मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत हिंदूंच्या संघाकडून खेळायला लागले. 1923 मध्ये होळकर महाराजांच्या बोलावण्यावरून इंदूरला गेले आणि तिथलेच झाले. 1 डिसेंबर 1926 ला मुंबईच्या जिमखान्यावर इंग्लंडहून आलेल्या एमसीसीच्या संघाविरुद्ध त्यांनी 153 रन केले. दोन तासही लागले नाहीत आणि त्यात 11 सिक्स. साहेबाच्या बॉलरला असं कुटता येतं, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. 25 जून 1932 ला लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळला तेव्हा कॅप्टन हेच होते. हाताला दुखापत असताना पहिल्या डावात 40 रन केले, भारताकडून सगळ्यात जास्त.

म्हणजे माणूस शिखरावर होता. पण तेव्हाच वय 36 होतं. उतार सुरू होणारच होता.

डिसेंबर 1933 मध्ये मुंबईत जार्डिनच्या संघाविरुद्ध कसोटी झाली. 22 वर्षांच्या लाला अमरनाथनं 118 रन ठोकले, भारताचं पहिलं कसोटी शतक. दुसऱ्या टोकाला उभे होते 38 वर्षांचे नायडू. त्यांचे 67. दोघांची भागीदारी 186 ची. टाळ्या पोराला पडत होत्या आणि म्हातारा टोक धरून होता. मला हे चित्र फार आवडतं.

आता 1936. इंग्लंडचा दौरा. कॅप्टनपद नायडूंकडून गेलं. कोणाकडे? अमरनाथकडे नाही, विजय मर्चंटकडे नाही. गेलं विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे, म्हणजे विझींकडे. पैसा, ओळखी आणि वशिला. तीन कसोटींतल्या सहा डावांत विझींचे एकूण रन 33. अमरनाथला तर त्या दौऱ्यातून मध्येच घरी पाठवलं. म्हणजे म्हाताऱ्याला हटवलं ते तरुणासाठी नव्हे. म्हाताराही गेला आणि तरुणही गेला.

ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण आपल्याकडे हेच चालतं. "नव्यांना संधी द्या" असा गजर होतो, जुना कार्यकर्ता बाजूला होतो, आणि त्या जागेवर बसतो तो कोणातरी मोठ्याचा पाहुणा. सतरंज्या उचलणारं पोरगं सतरंज्याच उचलत राहतं.

पण त्याच दौऱ्यात खरी नवी पिढीही उभी राहिली. मँचेस्टरला 24 वर्षांचा मर्चंट आणि 21 वर्षांचा मुश्ताक अली यांनी सलामीला 203 रन जोडले, दोघांचीही शतकं. मुश्ताक इंदूरचा. त्याला शाळकरी वयात हेरलं होतं नायडूंनीच. ओव्हलच्या शेवटच्या कसोटीत गबी अ‍ॅलनचा बॉल नायडूंच्या पोटात बसला. तरी उभं राहून 81 केले. ती त्यांची शेवटची कसोटी. वय 40.

इथं गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही. ते होळकर संघ घेऊन रणजी खेळत राहिले.

मार्च 1947, बडोदा, रणजीची फायनल. होळकर 202 वर ऑलआउट. मग बडोद्याचे 3 बाद 91 असताना आपल्या सांगलीचे विजय हजारे आणि गुल महंमद एकत्र आले. पुढं 577 ची भागीदारी झाली! हजारे 288, गुल महंमद 319. जगात कुठल्याही विकेटसाठीचा हा विक्रम 2006 पर्यंत टिकला. बडोदा 784. होळकर एक डाव आणि 409 रननी हरलं. विचार करा, 51 वर्षांचा कॅप्टन उन्हात उभा आहे आणि वीस वर्षांनी लहान पोरं थांबायचं नाव घेत नाहीत.

दुसऱ्या कुणी बॅट खुंटीला टांगली असती. पुढच्याच मोसमात, 1947-48 ला, होळकरनं मुंबईला हरवून रणजी जिंकली. मग 1950-51 ला, मग 1952-53 ला. त्याआधीची 1945-46 ची धरून एकूण चार. हे एकट्या नायडूंच्या बॅटचं काम नव्हतं. मुश्ताक अली, चंदू सरवटे, हिरालाल गायकवाड अशी माणसं त्यांच्या कडक शिस्तीत खेळत होती. स्वतःची बॅट थकली तसा त्यांनी संघ उभा केला.

गोल्फमध्ये जॅक निकलसनं 1986 साली 46 व्या वर्षी मास्टर्स जिंकली, त्याचं जगभर कौतुक झालं. पण गोल्फर एकटा खेळतो. तो खेळत राहिला म्हणून टीममधल्या पोराची जागा जात नाही. क्रिकेटमध्ये अकराच जागा. म्हणून पुढचं सांगताना मी जरा अडखळतो. 1956-57 मध्ये नायडू उत्तर प्रदेशकडून रणजी खेळले, वय 61. राजस्थानविरुद्ध 84 केले, विनू मांकडला दोन सिक्स मारले. ऐकून छाती फुगते. पण त्या 61 वर्षांच्या माणसापायी यूपीचं कोणतं वीस वर्षांचं पोरगं पॅड बांधून बाहेर बसलं असेल? त्याचं नाव इतिहासात नाही. बाहेर बसलेल्यांचं नसतंच.

14 नोव्हेंबर 1967 ला नायडू इंदूरला गेले.

माझं मत सांगतो, पटलं नाही तर खुशाल भांडा. वय झालं म्हणून कोणाला उठवू नये. पण जो बसून राहतो त्याला एकच प्रश्न विचारावा : तुमच्या हाताखाली तयार झालेले किती जण आज तुमच्या पुढं गेले? नायडू मुश्ताक अलीकडे बोट दाखवू शकत होते. त्यांच्याकडे उत्तर होतं, निदान होळकरच्या काळात तरी.

आपल्या सोसायटीच्या चेअरमनकडे आहे का? पक्षाच्या तालुकाध्यक्षाकडे? वीस वर्षं बातम्या लिहिणाऱ्या माझ्याकडे? मी मोजून पाहिलं. एक पोरगं आहे, दीड म्हणा.

तुमच्या गावात काय परिस्थिती आहे, लिहा खाली. नावं नका घेऊ, आपल्याला इथंच राहायचंय.