विंचवाचे विष आणि बीटा-रोधक औषधे

घाबरल्यावर छाती धडधडते आणि हातपाय गार पडतात. दोन्ही गोष्टी अ‍ॅड्रिनॅलिन व त्याच्या जातीच्या रसायनांमुळेच होतात, हे आपण वर्गात शिकवतो. पण एकाच रसायनाचे दोन परिणाम कसे? याचे उत्तर अमेरिकेतील रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये सुचविले : पेशींवर आल्फा आणि बीटा असे दोन प्रकारचे ग्राहक असतात. आल्फा-ग्राहक रक्तवाहिन्या आवळतात. बीटा-ग्राहक हृदयाची गती व जोर वाढवतात, श्वासनलिका रुंद करतात आणि काही रक्तवाहिन्या सैल करतात.

या कल्पनेवरून ब्रिटनमध्ये जेम्स ब्लॅक यांनी प्रोप्रॅनोलॉल हे बीटा-रोधक औषध शोधले. १९६० च्या दशकात ते हृदयरोग्यांना मिळू लागले आणि १९८८ मध्ये ब्लॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. औषधाचे दुष्परिणामही याच तत्त्वातून समजतात. नाडी फार मंदावते, थकवा येतो, हातपाय गार पडतात, दमेकऱ्याचा दमा उसळू शकतो. मधुमेह्याची साखर उतरल्यावर धोक्याची सूचना देणारी धडधडही दबून जाते.

आता आपल्याकडचे उदाहरण पाहू. पाटणसारख्या सह्याद्रीच्या भागात दगडाखाली, लाकडांच्या ढिगात लाल विंचू असतो. त्याच्या विषामुळे शरीरात अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या रसायनांचा लोट सुटतो. रुग्णाला दरदरून घाम फुटतो, नाडी धावते, पुढे फुप्फुसात पाणी भरते. धावती नाडी पाहून बीटा-रोधक द्यावे, असे कोणालाही वाटेल. पण तसे केल्यास आवळलेल्या रक्तवाहिन्या तशाच राहतात आणि थकलेल्या हृदयाचा आधार मात्र जातो.

पाटणहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला गेले, की तेथून उत्तरेला महाड लागते. त्या भागात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी वर्षानुवर्षे विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून निरीक्षणे नोंदवली. त्यांनी प्राझोसिन हे आल्फा-रोधक वापरले. रक्तवाहिन्या सैल झाल्या, हृदयावरचा भार उतरला. हे निष्कर्ष १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. एरवी दगावणारे कितीतरी रुग्ण त्यानंतर वाचू लागले.

आल्फा आणि बीटा यांचा तक्ता फळ्यावर मांडून विद्यार्थ्यांना विचारावे : कोणते दार बंद केल्यास काय होईल? त्याबरोबर दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. घरातील कोणाची बीटा-रोधक गोळी चालू असेल तर ती मनानेच अचानक बंद करू नये; त्याने छातीतले दुखणे उलटू शकते. आणि विंचू चावल्यास मंत्र-उताऱ्यात वेळ न घालवता थेट दवाखाना गाठावा.